तेवीस मीटर

टेबलावर ठेवलेलं इंजिन मोजून वीतभर आहे. अंग पितळेचं, रंग कडेकडेने उडालेला, पुढचं नाक लांब आणि बुटकं. अमेरिकेतल्या सांता फे रेल्वेवर १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आरएसडी-१५ या डिझेल इंजिनाची ही प्रतिकृती. त्या नाकामुळे तिकडची माणसं त्याला मगर म्हणत. मामेभाऊ न्यू जर्सीहून आला, तेव्हा स्वेटरच्या घडीतून त्याने ते काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, "जुनं आहे, पण चालतं." चालतं खरंच. बोलत मात्र नाही.

लेक लहान असताना तिला कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात घेऊन जायचो. ती मोठी झाली, तिचा नाद सुटला. मला मात्र तो तिथेच चिकटला. आता घरातल्या एका खोलीत, कपाटाच्या बाजूने वळसा घालून, खिडकीखालून चढण चढत जाणारा रूळ आहे. त्यावर धावणारं सगळं मूळ वस्तूच्या ८७व्या हिश्शाचं. एचओ नावाच्या मापाचा तो नियम. डब्याची खिडकी, शिडीची पायरी, कठड्याची सळई, सगळ्याला एकच भागाकार. डोळा तसा समजूतदार असतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर. ती ८७ने भागली तर १९च्या वर येते आणि माझे रूळ तर साडेसोळाचे. भारतीय डबे त्यावर ठेवले की खरं तर अंगाने रुंद आणि पायांत आवळलेले दिसायला हवेत. पण डोळा तेवढं पोटात घालतो.

कान असं काही पोटात घालत नाही. आवाजाला हा भागाकार लावून बघा. सोळा सिलिंडरचं, चार फटक्यांचं डिझेल इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेत उभं असतं, तेव्हा त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे ५३ स्फोट होतात. छातीच्या फासळ्यांना कळणारा तो खर्ज. इंजिन ८७ पट लहान केलं आणि आवाजही त्याच हिशेबाने आखडला, तर तो ४,६००च्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ रातकिडा. साडेतीनशे माणसांची गाडी ओढणारा रातकिडा कोणाला हवाय? म्हणून आवाजाची पट्टी तशीच ठेवायची आणि फक्त तो हळू करायचा, हा या छंदाचा अलिखित करार. करार साधा वाटतो. त्यात एक गोम आहे, ती मला फार उशिरा कळली.

मुक्या इंजिनाला वाचा देणाऱ्या वस्तूचं नाव साउंड डिकोडर. बोटाच्या एका पेरापेक्षा थोडी मोठी पट्टी, तिला रंगीबेरंगी तारा. रुळांतून येते ती नुसती वीज नसते, त्या विजेतच हुकूम विणलेला असतो. विजेची दिशा क्षणाक्षणाला उलटते. उलटण्याचा अर्धा हेलकावा सेकंदाच्या ५८ दशलक्षांशाचा असला तर तो 'एक', १०० किंवा त्याहून लांब असला तर 'शून्य'. एकाच पायवाटेने भाकरीची बुट्टी आणि टपाल दोन्ही यावं, तसं. तीन नंबरच्या इंजिना, दिवा लाव. तीन नंबरच्या इंजिना, घंटा वाजव. बाकीची इंजिनं ते ऐकतात आणि गप्प राहतात. ही भाषा जर्मनीत लेन्झ यांनी घडवली आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने ती प्रमाण मानली. त्यामुळे डिकोडर कुठलाही घ्या, भाषा एकच. कोलोरॅडोतल्या ड्युरँगो गावचं साउंडट्रॅक्स घ्या. त्या गावातून सिल्व्हर्टनला जाणारी अरुंद रुळांची वाफेची गाडी आजही सुटते. जर्मनीच्या ईएसयूचं लोकसाउंड घ्या, नाही तर व्हिएन्नाचं झिमो. भाषा एक, आवाज निरनिराळे, आणि निवड करणारा मी एकटा.

तीन महिने मी कागदावर रकाने आखत होतो. शेवटी बायकोने विचारलंच, "अहो, तुमच्या या इंजिनाची पत्रिका जुळली की नाही?"

पत्रिकाच ती. पहिला गुण जागेचा. पोटात मोटार, तिच्या दोन्ही टोकांना जड चकत्या, वर शिसं; उरलेल्या फटीत पट्टी, स्पीकर आणि वीज क्षणभर तुटली तरी आवाज अडखळू नये म्हणून एक संधारित्र, एवढा संसार मांडायचा. दुसरा गुण ताकदीचा. मोटारीला बारा व्होल्ट द्यायचे, चाकं अंगठ्याने दाबून थांबवायची आणि अडलेली मोटार किती वीज पिते ते मीटरवर बघायचं. डिकोडरने तेवढी पेलली पाहिजे. माझ्या मगरीची जुनी मोटार पावणेदोन अँपिअर प्यायली आणि मला हवा होता तो डिकोडर एकाच्या वर सोसणारा नव्हता. मोटार बदलली. नवी अर्ध्या अँपिअरवर भागवते. जुनी मी डबीत ठेवली आहे. साठ वर्षांच्या माणसाला निवृत्त करताना वाटतं तसं काहीसं वाटलं.

तिसरा गुण मी एकदा तपासला नव्हता. माझा पहिला डिकोडर, दुसऱ्या एका इंजिनात बसवलेला, चार सेकंद जगला. जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश बहुतेक वेळा थेट सांगाड्याला टेकलेला असतो. सांगाडा रुळाला आणि रूळ विजेला. नारिंगी आणि करडी तार मोटारीला, लाल आणि काळी रुळांना, आणि या दोन जोड्यांनी एकमेकींना चुकूनही शिवायचं नाही, हे मी वाचलं होतं, पाळलं नव्हतं. बारीकसा धूर आला, कढीलिंब करपल्यासारखा वास आला आणि महिनाभराची पुंजी गेली. तेव्हापासून मीटरचं एक टोक मोटारीला, एक सांगाड्याला लावून ते 'टूँ' वाजत नाही ना, याची खात्री करूनच मी पुढे सरकतो. ज्या परीक्षेत शांतताच उत्तीर्ण होते, अशी ही एकच परीक्षा मला माहीत आहे.

मग स्पीकर. मोबाइल फोनमध्ये असतात तसले, नखाएवढे. नुसता हातात धरून वाजवला तर डास गुणगुणल्यासारखा वाजतो, कारण पडद्याच्या पुढून निघालेली लाट आणि मागून निघालेली लाट एकमेकींना खाऊन टाकतात. त्याला मागून हवाबंद डबी लावायची. डबी लावली की तोच स्पीकर एकाएकी वयात येतो.

या डबीचं मर्म मला मिरजेत कळलं. लहानपणीची आमची गाडी जिथून पुढे जायची, ते मिरज. सतारमेकर गल्लीत एका कारागिराच्या पायरीवर बसून मी भोपळ्याचा तंबोरा जुळताना बघत होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतली शांतता आणि खरवडण्याचा आवाज तोच. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवत होता. एका जागी तार अशी काही बोलली की खोली भरून गेली. मी माझ्या नखाएवढ्या स्पीकरची अडचण सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "तार नुसती सुरुवात करते. बोलतो तो भोपळा."

त्याने न सांगितलेलं दुसरं गुपित मला पुढे पुस्तकात सापडलं. ५३ कंपनांचा खर्ज नखाएवढा स्पीकर देऊच शकत नाही. देतो ते त्याच्या वरच्या पटीतले स्वर, १०६, १५९ असे, आणि तेही जमतील तितके वरचे. पण या स्वरांची माळ नीट लागली तर कान खालचा गाळलेला मणी आपणच ओवतो. जो स्वर खोलीत नाही, तो डोक्यात वाजतो. निम्मं इंजिन डबीत आणि निम्मं ऐकणाऱ्यात असतं.

पत्रिकेतला खरा गुण अजून बाकीच होता: आवाज कुणाचा? दुकानदाराने पहिल्यांदा जो डिकोडर सुचवला, त्यात ईएमडी कंपनीच्या इंजिनाचा आवाज भरलेला होता. उत्तम आवाज, पण दोन फटक्यांच्या इंजिनाचा. गोल, सलग, पोळपाटावर लाटणं फिरावं तसा. मगर घडवणाऱ्या आल्को कंपनीचं २५१ हे इंजिन तसं नाही. ते उभं असताना एकसारखं घुमत नाही, किंचित लंगडत घुमतं. मध्येच काहीतरी आठवल्यासारखं थबकतं, पुन्हा चालू लागतं. नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की आधी डिझेल पोटात जातं आणि हवा पुरवणारा टर्बो मागून धापा टाकत येतो. तेवढ्या वेळात धुराड्यातून काळाकुट्ट लोट आणि घशातून एक दीर्घ हुंकार. मी कानांवर हेडफोन लावून एकेक नमुना ऐकत होतो. सोळा सिलिंडरचं २५१ लागलं आणि माझा हात चहाच्या कपावर तसाच राहिला.

हे तर आमचं इंजिन होतं.

मगरीच्या पोटातलं यंत्र आणि आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या पोटातलं यंत्र एकाच घराण्याचं. दोन्हींत सोळा सिलिंडरचं २५१. सहा चाकांची ती बोगीसुद्धा तीच, जिच्यात दोन आस जवळ आणि तिसरा जरा फटकून असतो. १९६२ साली आल्कोने ती इंजिनं भारतात पाठवली आणि १९६४पासून वाराणसीच्या कारखान्यात ती घडू लागली, अडीच हजारांवर घडली. इकडे स्केनेक्टडीच्या आल्कोने १९६९ साली इंजिनं बांधणंच सोडलं. माहेरचं दार बंद झालं, लेक सासरी नांदली. तीन पिढ्या नांदली. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना जो आवाज आता जपून ठेवलेल्या इंजिनांपाशी जाऊन ऐकावा लागतो, तो आमच्याकडे मालगाडीच्या पुढे धुरकटलेल्या अंगाने रोज उभा असायचा. आम्हाला ते आल्को म्हणून नाही, नुसतं 'इंजिन' म्हणून माहीत होतं.

आमचं गाव आदर्कीच्या घाटाच्या पायथ्याला. पुणे–मिरज रेल्वे नीरेच्या खोऱ्यातून लोणंद, सालपे करत तिथे चढणीला लागते आणि वळणं घेत वाठारच्या पठारावर निघते. घरापासून रूळ दोन किलोमीटर, मधे शेतं आणि एक ओढा. मुंबईहून निघालेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं विजेचं इंजिन पुण्याला सुटायचं, डिझेल जोडलं जायचं, आणि रात्रीच्या सगळ्यांत खोल प्रहरी ती आमच्या घाटाला भिडायची. उन्हाळ्यात आम्ही अंगणात निजायचो. मला जाग यायची ती आवाजाने की आवाज येणार म्हणून, कोण जाणे. आधी काहीच नसायचं. मग ते काहीच-नसणं जरा जाड व्हायचं. मग कळायचं, की गाडी आहे.

आजी जागीच असायची. "कोल्हापूरची गाडी चढतीया," ती म्हणायची, "निज अजून, लई रात हाय." आणि थोडं ऐकून, "आज ओझं लई हाय बघ." तिने त्या गाडीत कधी पाय ठेवला नव्हता. डबे तिला दिसत नव्हते. ती ओझं ऐकायची.

म्हणून माझ्या रकान्यांत सर्वांत जाड रेघ मी एका गोष्टीखाली ओढली होती: डिकोडरला ओझं कळतं का? चांगल्या डिकोडरला कळतं. तो मोटारीची वीज क्षणाच्याही अंशापुरती तोडतो. मोटार तेवढ्यात आपल्या झोकावर फिरत राहते आणि फिरता फिरता स्वतःच थोडी वीज जन्माला घालते. ती मोजून डिकोडर ओळखतो, की हिचा वेग पडलाय, हिला चढ लागलाय. मग तो मोटारीला जास्त वीज देतो आणि त्याच वेळी आवाजाचा नॉच चढवतो. सपाटीवर तिसऱ्यात गुणगुणणारं इंजिन खिडकीखालच्या चढणीवर सहाव्यात, सातव्यात जाऊन कण्हू लागतं. सेकंदात कितीतरी वेळा मोटारीला मोकळं सोडायचं आणि विचारायचं, जड जातंय का गं? आजीची विद्या तीच.

भोंग्यापाशी मात्र मी हरलो. डिकोडरमध्ये पर्याय वीस होते. तीन स्वरांचे, पाच स्वरांचे, भारदस्त, अमेरिकन. फाटक आलं की त्यांनी दोन लांब, एक आखूड, एक लांब असं वाजायचं. आमच्या घाटात पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'सी/फा' लिहिलेलं असायचं, सीटी–फाटक, आणि त्या पाटीपासून ड्रायव्हर जो भोंगा धरायचा तो फाटक येईपर्यंत. त्या वीसांत तो नव्हता. मी भोंग्याचं बटण रिकामं ठेवलं. परक्याच्या तोंडून आपलं नाव ऐकण्यापेक्षा ते बरं.

सगळं जुळलं. पाठवणी झाली, पट्टी पोटात गेली, झाकण बसलं. बटण दाबलं, इंजिन खोकललं, पेटलं, लंगडत घुमू लागलं. अगदी तेच २५१. आणि मला काहीच वाटलं नाही.

दोन दिवस मी स्वतःवर चिडून होतो. मग एका संध्याकाळी कारण सापडलं. डिकोडरमधला आवाज कुणीतरी इंजिनाच्या अगदी शेजारी माइक धरून घेतलेला असतो. झडपांची टकटक, पंख्याची घरघर, कॉम्प्रेसरचं फुसकणं, सगळं त्यात आहे. पण माझ्या आठवणीतलं इंजिन इतकं जवळ कधीच नव्हतं. आणि इथेच त्या कराराची गोम. पट्टी तीच ठेवून आवाज फक्त हळू करायचा, असं आपण म्हणतो. पण जगात खराखुरा आवाज हळू होतो तो एकाच कारणाने. तो लांब असतो. वीतभर इंजिनाकडे मी मीटरभरावरून बघतो, तेव्हा ते मला दिसतं तेवढंच, जेवढं खरं इंजिन ८७ मीटरांवरून दिसलं असतं. मग ऐकूही तेवढंच यायला हवं. आवाजाची कळ फिरवताना माणूस प्रत्यक्षात ठरवत असतो, की आपण किती लांब उभं राहायचं.

पावसाळ्यात एका स्टेशनाबाहेर मालगाडीचं आल्को घराण्यातलं इंजिन उभं दिसलं. रस्त्याच्या कडेने त्याच्यापासून ११५ पावलं मागे आलो, डोळे मिटले, ऐकलं, आणि ते कानात धरून घरी आलो. मी बसवलेल्या लोकसाउंडमध्ये आवाजाची मुख्य मात्रा ६३ क्रमांकाच्या खणात असते. ती १९२पर्यंत चढते. मी ती उतरवत उतरवत ४०वर आणली, तेव्हा कुठे मीटरभरावरून ते ८७ मीटरांवरचं इंजिन झालं. बायको दारातून म्हणाली, "एवढा खर्च केलात आणि आता ऐकूच येत नाही म्हणायचं."

उरलेला भागाकार कागदावर करायची गरज नव्हती, तरी केला. दोन किलोमीटर भागिले ८७. जवळपास २३ मीटर. माझ्या सगळ्या घराची लांबी बारा मीटर आहे.

त्या रात्री लेक माहेरी आलेली होती. दोन वाजून गेल्यावर मी तिला उठवलं. लहानपणी संग्रहालयात जाताना उठायची तशी ती कुरकुरत उठली आणि तशीच लगेच जागीही झाली. मगरीच्या मागे तिने दहा डबे लावले. मी खिडकी सताड उघडली, चपला घातल्या, जिना उतरलो. इमारतीच्या पायापासून फाटकाकडे पावलं मोजत गेलो. तिसऱ्या मजल्याची उंची धरून २३ मीटर भरतात ते वॉचमनच्या खुर्चीपाशी. फोनवर तिला म्हटलं, "चढणीला घाल," आणि फोन बंद केला.

आधी काहीच नव्हतं. कुणाचा तरी कूलर. लांब महामार्गावर ट्रक. पाण्याच्या टाकीतून ठिबकणारा थेंब. मी श्वास धरला होता. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून, उलट्याच बाजूने, ते काहीच-नसणं जरा जाड झालं की मलाच तसं वाटलं, ठरवता येईना. आजीकडे बघावं तसं मी शेजारी बघितलं.

वॉचमन सोलापूरकडचा आहे, नवा. तो खुर्चीत नीट बसला, डोक्यावरची टोपी कानामागे सारली आणि रस्त्याच्या टोकाला, जिथे दिवे संपतात तिथे, अंधारात बघत राहिला.

"लांब कुठंतरी गाडी चढतीया वाटतं, साहेब," तो म्हणाला.